दुसऱ्या पानाची पाठ

"ताई, दात घासताना बाळाच्या हिरड्यांतून रक्त येतंय," लेकीला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या. ब्रश जरा हळू फिरवा, असं सुनावून मी ऑफिसला निघाले. पदवी माझ्याकडे आहे ना, मावशींकडे नाही.

चार दिवसांनी नवऱ्याने ओळखीतल्या एका गुप्तहेर बाईंना बोलावलं. सोबत त्यांचे दीर होते, निवृत्त हवालदार. कुठल्याशा छापील कागदाच्या कोऱ्या पाठीवर नवऱ्याने लेकीच्या अंगावरचे निळे डाग तारीखवार लिहून ठेवले होते. पहिलीच नोंद : सोमवार, सकाळी सात, तीन डाग. मावशी मारतात एवढं सिद्ध करून द्या, म्हणाला. संध्याकाळी पोलिसांत जायचंय.

हवालदारांनी आधी मावशींना धारेवर धरलं. मी नऊला येते, रविवारी सुट्टी, हिरड्यांतून रक्त येतं हे ताईंना सांगितलं होतं, एवढंच सांगून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. मग लेकीच्या आत्याची पाळी. रविवारी लेक तिच्याकडे असते. ती म्हणाली, माझ्याकडे पोर दिवसभर गादीवर खेळते. वर, अशा बायकांचा काय भरवसा, हेही न विचारता सांगितलं.

बाई फ्रिजसमोर उभ्या होत्या. दारावर चुंबकाखाली लेकीचा रक्ताचा रिपोर्ट होता. तळाशी 'पान १/२'.

"हा कशासाठी?"

"पंधरा दिवसांपूर्वी ताप आला होता," नवरा म्हणाला. "हिमोग्लोबिन बारा. रक्त एकदम एक नंबर. सगळ्यांना फोटो पाठवलाय."

"म्हणजे पहिली ओळ वाचता येते तुम्हाला."

बाईंनी लेकीचा मोजा उतरवला. इलॅस्टिकच्या वळाभोवती टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. त्यांनी वर काचेचा पेला दाबला. ठिपके फिके पडले नाहीत.

"ढेकूण चावलेत," हवालदार म्हणाले.

"मोज्याच्या कडेने ओळीत, भाऊजी? आणि दाबूनही फिके पडत नाहीत, म्हणजे हे कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे."

मग त्यांनी सगळ्यांना बसवलं.

"सोमवारी सातला डाग मोजले, तेव्हा मावशी आल्याच नव्हत्या. आदला दिवस गादीवर. मारलं कुणीच नाही. जिथे दाबलं तिथे ठिपके, जिथे घासलं तिथे रक्त. लाल पेशी प्राणवायू वाहतात, हिमोग्लोबिन त्यांच्यातलं. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. आणि रक्तवाहिनीची फुटलेली जागा बुजवायला प्लेटलेट्स लागतात. तापानंतर कधीकधी लहान मुलाचं शरीर आपल्याच प्लेटलेट्स मारत सुटतं. हिमोग्लोबिन तेव्हाही बारा असू शकतं."

"म्हणजे प्लेटलेट्सचा आकडा दुसऱ्या पानावर. पण ते पान कुठाय, वहिनी?" हवालदारांनी विचारलं.

बाईंनी नवऱ्याने दिलेला कागद उलटा केला. प्लेटलेट्स चाळीस हजार. किमान दीड लाख हव्यात. खाली ठळक अक्षरांत : डॉक्टरांना तातडीने दाखवा.

"दुसऱ्यावर आरोप लिहायला बरी कोरी जागा सापडली," बाई म्हणाल्या. ते पान टेबलावर माझ्याही समोर आठवडाभर पडलं होतं.

तासाभरात आम्ही हॉस्पिटलात होतो. प्लेटलेट्स आठ हजारांवर आल्या होत्या. आता वाढताहेत, लेक वाचली. मावशींनी मात्र घराची चावी ओट्यावर ठेवली ती ठेवलीच. माझा फोन त्या उचलत नाहीत, आणि का उचलावा?

तुमच्या घरात मूल असेल तर आत्ता उठा, त्याचे मोजे काढून घोटे बघा. आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला विचारा, परवा ती काय सांगत होती.