सहा विपळांचा थांबा

प्रश्न विचारून झाल्यावर पंतोजी नेमके किती वेळ गप्प राहतात, हे अख्ख्या सातवीच्या वर्गात फक्त निहिराला ठाऊक होते.

पंतोजी हे मिरजेच्या त्या शाळेतले शिकवणारे यंत्र. उंची मुलांच्या खांद्याएवढी, पायांच्या जागी चाके, आणि कुणा जुन्या विद्यार्थ्याने डोक्यावर रंगवून ठेवलेली लाल पगडी. ते प्रश्न विचारीत, मग थांबत, आणि उत्तर आले नाही तरच दुसऱ्या मुलाकडे वळत. निहिराने तो थांबा वीस वेळा मोजला होता. दर वेळी दोन पूर्णांक चार दशांश सेकंद. घरातले दिवे-पंखे सांभाळणारे यंत्र, एसटी स्थानकावरची तिकीटखिडकी, रुग्णालयातली लिफ्ट, सारी तेवढीच थांबत. दोन नाही, तीन नाही, अडीचसुद्धा नाही. हा विचित्र आकडा ठरवला कोणी?

कोडे तिला इतके जिव्हाळ्याचे वाटावे याला कारण होते. निहिराचे शब्द ओठांशी येऊन अडत. माणसे भली होती, पण ती घाईने तिचे वाक्य स्वतःच पुरे करीत आणि बहुधा चुकीचे पुरे करीत. यंत्रे मात्र थांबत. तेवढ्या वेळात तिचे पहिले अक्षर सुटे, आणि ते एकदा सुटले की मागचे शब्द आपोआप चालू लागत.

ही सारी यंत्रे ‘दुवा’ नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत. दर चार वर्षांनी दसऱ्याला दुव्याची नवी आवृत्ती येई आणि त्याआधी महिनाभर तिचे बदलपत्र (नव्या आवृत्तीत काय काय बदलणार याची यादी) सर्वांना वाचायला मिळे. त्या महिन्यात शाळेत दुसरा विषयच नसे.

“दुवा दहा मनातलं ओळखणार!” एकाने जाहीर केले.

“मग तुझ्या मनात काय सापडणार? वडापाव!”

“दुवा दहा आपला गृहपाठ करणार.”

“पंतोजी स्वतः देतात गृहपाठ. स्वतःच करून स्वतःच तपासतील होय?”

निहिराने बदलपत्र वाचले आणि सतराव्या ओळीवर तिची नजर खिळली. ‘जुना, अकारण २.४ सेकंदांचा थांबा काढून ०.६ सेकंद केला आहे. यंत्रे आता चौपट चपळ होतील. हरकती दसऱ्याआधीच्या शुक्रवारच्या सभेत ऐकल्या जातील.’

दप्तर न ठेवताच ती आजीच्या खोलीत शिरली.

हर्षदाआजी सावर्डेकर चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. दुव्याची पहिली आवृत्ती छत्तीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. एक गोष्ट मात्र त्यांनी कधीच केली नव्हती. निहिराचे वाक्य त्यांनी कधी पुरे केले नव्हते.

“आजी, ते थ... थ...” निहिराने मूठ आवळली. आजी हातातले विणकाम खाली ठेवून शांत बसल्या. “...थांबा काढणार आहेत!”

आजींनी सतरावी ओळ वाचली आणि चष्मा काढला.

“अकारण? आमच्या दुव्यात अकारण काही नव्हतं. दुव्याच्या कचेरीतल्या केतकीला विचारते मी, कुणाच्या परवानगीने लिहिलं हे.”

“पण आजी, दुवा म्हणजे नक्की असतो कुठे? पंतोजींच्या पोटात?”

“बैस. लग्नघर पाहिलंयस ना? चुली, भांडी, पाणी, खोल्या ही झाली यंत्रसामग्री (संगणकाचे हात लावता येतील असे भाग). तिथं येणारे पाहुणे म्हणजे आज्ञावल्या (एखादे काम करून घेण्यासाठी संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना). आता प्रत्येक पाहुणा उठून थेट चुलीपाशी गेला तर?”

“भांडणं होतील.”

“होतीलच. म्हणून एक काकू असतात. किल्ल्या त्यांच्या कनवटीला. कुणाला कोणती खोली, चहा आधी कुणाचा, सगळं त्या ठरवतात. पाहुण्याने काकूंना सांगायचं, काकूंनी चुलीला. त्या काकू म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. पंतोजींची शिकवण्याची आज्ञावली हा एक पाहुणा. तिला कान हवे असले, आवाज हवा असला, की ती दुव्याकडे मागते.”

“म्हणजे तूच!” निहिरा हसली. “आपल्या घरची ऑपरेटिंग सिस्टिम.”

“आणि माझी पुढची आवृत्ती निघायची नाही,” आजी म्हणाल्या. “माळ्यावरची हिरवी पेटी काढ.”

पेटीत कापडी बांधणीचा एक जाडजूड गठ्ठा होता. पहिल्या दुव्याची संपूर्ण आज्ञावली आजींनी तेव्हा कागदावर छापून घेतली होती. पाने पिवळी पडली होती आणि त्यांना लाकडाच्या भुशाचा नि रोगणाचा वास येत होता.

“हा वास कसला?”

“खालच्या दुकानाचा.” आजींचा आवाज थोडा हळू झाला. “तंतुवाद्यांच्या दुकानावरची माडी होती आमची. पाच जण, तीन टेबलं, एक पंखा. आवाज नीट टिपता यावा म्हणून भिंतींना गाद्या टांगलेल्या. खाली बशीरचाचा तंबोरे जुळवायचे. तार छेडायचे आणि आवाज पुरता विरेपर्यंत हात लावायचे नाहीत. त्यांचं जुळवणं संपेपर्यंत आम्हाला ध्वनीची चाचणी घेता यायची नाही. मग आम्ही आपले ऐकत बसायचो. दसऱ्याला तंबोऱ्यांशेजारी आमचे कीबोर्ड मांडून चाचांनी स्वतः झेंडूची फुलं वाहिली होती.”

आजी क्षणभर पान उलटायला विसरल्या.

“दुवा बोलायला लागला तेव्हा पहिले बाहेरचे श्रोते तेच. यंत्राशी बोलून खाली उतरताना म्हणाले, ‘बाई, तुमचं यंत्र ऐकून घेतं.’ मला खूप पुरस्कार मिळाले, निहिरा. पण त्या वाक्याची सर एकालाही नाही.”

एकशे बाराव्या पानावर ती ओळ सापडली. ‘उत्तराची वाट पाहा : ६.’

“सहा काय?” निहिराने विचारले.

“सेकंदाचे दहावे भाग. शून्य पूर्णांक सहा सेकंद. आम्ही पाचही जणांनी एकमेकांना प्रश्न विचारून मोजलं होतं. तेवढ्यात उत्तर येतंच.”

“पण पंतोजी तर दोन पूर्णांक चार थांबतात.”

“तुझं मोजण्यात चुकलं असेल.”

“वीस वेळा?”

आजींनी ती ओळ पुन्हा वाचली. निहिराने गठ्ठ्याचे पहिले पान उलटले. तिथे ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘माणसांशी होणाऱ्या सर्व संवादात कालगणना विपळांत होईल.’

“आजी, वि... विपळ म्हणजे?”

“आपलं जुनं कालमापन. चोवीस मिनिटांची एक घटिका. घटिकेचा साठावा भाग पळ, म्हणजे चोवीस सेकंद. पळाचा साठावा भाग विपळ. आपल्या भाषेतली ऑपरेटिंग सिस्टिम, तर तिचं घड्याळही आपलं हवं, असा माझा हट्ट होता. बाकीचे कुरकुरले. मी ऐकलं नाही.”

निहिराने पेन्सिल घेतली. चोवीस भागिले साठ, शून्य पूर्णांक चार. एक विपळ म्हणजे शून्य पूर्णांक चार सेकंद. मग सहा विपळे...

तिने कागद आजींपुढे सरकवला. सहा गुणिले शून्य पूर्णांक चार. दोन पूर्णांक चार.

कोडे सुटले होते. आजींनी मनात सेकंदाचे दहावे भाग धरून सहा लिहिले आणि त्यांच्याच हुकमाने विपळे मोजणाऱ्या घड्याळाने ती सहा विपळे समजली. त्या काळची यंत्रे मुळातच मंद, त्यामुळे उशीर यंत्राचा असेल असे समजून कोणी लक्ष दिले नाही.

आजींचा चेहरा पाहून निहिराला पेन्सिल उचलल्याचा पश्चात्ताप झाला.

“म्हणजे चाचांनी ज्याचं कौतुक केलं,” आजी म्हणाल्या, “ती माझी चूक होती.”

“आपण कु... कुणाला सांगायला नको. मुद्दाम ठेवला होता म्हण ना. तुझं म्हणणं कोण खोडून काढणार?”

आजींनी तिच्याकडे असे पाहिले की निहिरा तत्काळ खाली पाहू लागली.

“दुव्याच्या कचेरीत दाराशी एक वही टांगलेली आहे. चुकांची वही. जो चुकेल त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं. नाव, चूक, दुरुस्ती. तो नियम माझा. छत्तीस वर्षांत दोनशेच्या वर माणसांना मी त्या वहीपुढे उभं केलं. माझं नाव तिच्यात एकदाही नाही, आणि हे मी सगळ्यांना ऐकवत आले.” त्या उठल्या. “शुक्रवारी तू माझ्याबरोबर येणार आहेस. हरकत तुझी आहे, ती तूच मांडायचीस. मी तुझ्या वतीने बोलणार नाही.”

शुक्रवार दोनच दिवसांवर होता. त्या दोन्ही रात्री निहिराला नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी सकाळी दुव्याच्या कचेरीतले सभागृह भरले होते. दुव्याची सध्याची प्रमुख केतकी भोकरे ही आजींचीच शिष्या. तिने वाकून नमस्कार केला. सभा सभायंत्र चालवणार होते आणि त्यात दुवा दहाचा मसुदा मोठ्या अभिमानाने आधीच बसवला होता. यंत्र खरोखरच चपळ होते. सोळा मुद्दे पाहता पाहता संपले.

“मुद्दा सतरावा,” यंत्र म्हणाले. “थांबा कमी करणे. कोणाची हरकत?”

निहिरा ताडकन उभी राहिली. “म... म...”

“हरकत नाही. मुद्दा मंजूर. मुद्दा अठरावा.”

“म... मा...”

“सभासदांनी मध्ये बोलू नये. मुद्दा अठरावा.”

मागे कोणीतरी हसले. तिने आजींकडे पाहिले. आजी उभ्या राहिल्या होत्या. पण त्या निहिराच्या वतीने एक शब्दही बोलल्या नाहीत.

“केतकी,” त्या एवढेच म्हणाल्या, “ते यंत्र बंद कर.”

यंत्र बंद झाले. सभागृहात शांतता पसरली आणि कोणीच ती मोडेना. त्या शांततेत निहिराचे अक्षर हळूहळू सुटले.

“माझी हरकत आहे. पंतोजी थांबतात म्हणून मला वर्गात उत्तर देता येतं. एसटीच्या खिडकीवर म्हातारी माणसं गावाचं नाव आठवतात, तेव्हा ती खिडकी थांबते. तुमचं यंत्र आता माझ्यासाठी थांबलं नाही. त्याने लिहिलं, हरकत नाही. पण ह... हरकत होती.”

केतकीने बंद यंत्राकडे पाहिले, मग निहिराकडे. “पण बाळ, तो थांबा ही मुळात चूक आहे. चूक सापडल्यावर दुरुस्त नको करायला?”

“चूक आहेच,” आजी म्हणाल्या, “आणि ती माझी आहे.”

सभागृहात कुजबुज उठली. आजींनी विपळांचा सगळा हिशोब एकही शब्द न गाळता सांगितला.

“आता दुसरी गोष्ट. लग्नघरातल्या काकूंचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. त्यात पाच वाजले की पाहुणे निघतात, दहा मिनिटांत स्थानकावर पोचतात आणि पाचची एसटी त्यांना बरोबर मिळते. मग किल्ल्या नव्या सूनबाईंकडे येतात. त्या हुशार, पहिल्याच दिवशी घड्याळ बरोबर लावतात. पाहुणे नेहमीसारखे पाचला निघतात. पुढे?”

“एसटी चुकते,” केतकी सावकाश म्हणाली.

“घड्याळ बरोबर, आणि सगळे स्थानकावर उभे! नव्या आवृत्तीने जुन्या आवृत्तीवर विसंबलेल्यांना अडचणीत टाकू नये, याला सुसंगती (नव्याने जुन्याशी जुळवून घेणे) म्हणतात. छत्तीस वर्षांत किती आज्ञावल्या आणि किती माणसं या चुकीला टेकून उभी राहिली, ते कुणी मोजलंय? आणि माझा आकडा बरोबर निघाला असता, तर हे यंत्र फक्त आम्हा पाच तोंडाळ माणसांसाठीच झालं असतं.”

कोणीतरी हसले, आणि या वेळी निहिराही हसली.

चर्चा तासभर चालली. शेवटी केतकीने फळ्यावर लिहिले. यंत्र यंत्राशी बोलेल तेव्हा थांबा नाही. तिथे चपळाई कामाची. यंत्र माणसाशी बोलेल तेव्हा सहा विपळे, आणि ज्याला अधिक हवा त्याला तो वाढवता येईल. आजवर चुकून असलेली गोष्ट आता दुव्यात जाणूनबुजून असणार होती, आणि तिला नाव मिळाले होते, ‘वाट’.

निघताना आजी दाराशी थांबल्या. खिळ्याला टांगलेली वही त्यांनी स्वतः उतरवली, चष्मा लावला आणि उभ्यानेच लिहिले. त्या गेल्यावर केतकीने ते वाचले.

‘नाव : हर्षदा सावर्डेकर. चूक : दहाव्या भागांच्या जागी विपळे मोजली गेली. दुरुस्ती : करू नये.’

दोघी घरी निघाल्या ती वाट वाद्यांच्या दुकानांवरून जात होती. जुन्या माडीवर आता दुसऱ्याच कुणाचे पडदे होते, पण खाली दुकान होते आणि आत कोणीतरी तंबोरा जुळवीत होते. आजी थांबल्या, म्हणून निहिराही थांबली.

“काय गं,” आजींनी विचारले, “अकरावी आवृत्ती कशी असेल? मी काही ती बघायला असेन असं नाही. तू सांग.”

निहिराने तोंड उघडले आणि शब्द अडला. आत तार छेडली गेली. सहा विपळे गेली, सात गेली, दहा गेली. सूर लांबत गेला, विरत गेला. आजी कान लावून उभ्या होत्या, सुराकडेही आणि नातीकडेही.

“ती मोजणार नाही,” निहिरा म्हणाली. “ज्याला जितकं लागेल, तितकं थांबेल.”

“कशी कळणार तिला ती वेळ?”

“ते म... मी शोधून काढेन.”

“काढ,” आजी म्हणाल्या. “आणि चुकलीस तर वहीत लिहायचं. नियम माझा आहे.”