जुन्या मशीनचा अर्धा तास

अपेक्षा तांडेल आत आली तेव्हा ज्ञानेश्वरी सावेनं डब्याचं झाकण नुकतंच उघडलं होतं. तिनं ते परत लावलं. अशिलानं धड जेवू दिलंय, असं तिच्या खासगी तपासाच्या धंद्यात अजून घडायचं होतं.

समोर रामकिसन पेपर वाचत बसले होते. तारापूरच्या वीज केंद्रातून निवृत्त, मूळचे परभणीचे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून बोईसरच्या खोलीत त्यांचा जीव रमत नसे. म्हणून ते रोज पालघरला येत आणि स्वतःला ज्ञानेश्वरीचे सहायक म्हणवत.

"उद्या कमिटी मला काढणार," अपेक्षा म्हणाली. "आणि मी एक अक्षरही पुसलेलं नाही."

सातपाटीपलीकडच्या एका बंदरावर मच्छीमार सोसायटीचे संगणक ती सांभाळत होती. होड्यांचं रजिस्टर एका व्हर्च्युअल मशीनवर होतं, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात नांदणाऱ्या संगणकावर. शुक्रवारी तिनं बॅकअप सॉफ्टवेअरनं त्याची प्रत काढली आणि नव्या सर्व्हरवर, दुसऱ्याच कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर उभी केली. नाव तेच, पत्ता तोच. जुनं मशीन बंद करून तसंच ठेवलं. नव्यात काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून.

शनिवारपासून परतलेल्या होड्यांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. सोमवारी तर कहर झाला. एका होडीला तीन तास समुद्रात शोधलं आणि ती धक्क्यालाच नांगरलेली निघाली.

"लोक हसले असतील," रामकिसन म्हणाले.

"नाही काका. तीन तास त्या घरची बाई रडत होती."

रामकिसननी चष्मा पुसायला घेतला.

तिघं बंदरावर पोचले. सोसायटीच्या खोलीत दोन सर्व्हर, दोन पडदे. जुन्या पडद्यापुढे खुर्ची अगदी जवळ ओढलेली होती आणि टेबलावर एक हेडफोन होता. ज्ञानेश्वरीनं तो डोक्यावर चढवला, तर घसरून गळ्यात आला. पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ताणलेली होती.

"तुझा?"

"सोसायटीचा. मी कधी लावत नाही."

"जुन्यावरचं सगळं नव्यावर आणलंस?"

"एक डिस्क सोडून. होड्यांवरून वायरलेसवर आलेल्या बोलण्याचे जुने आवाज होते तिच्यात. कुणी ऐकत नाही, म्हणून बॅकअपमधून वगळली."

"आणि गेलेल्या नोंदी?"

"तिन्ही दिवस पाच ते साडेपाचमधल्या. आधीच्या आहेत, नंतरच्याही आहेत. मी पाचला निघते."

धक्क्यावर नोंदी करणारा अंकुश आला. कानात इवलीशी बटणं, हातात टॅब. "आमी नोंद केली, हिरवी खूण आली. पुढं काय झालं ते हिला इचारा. ही जागा माज्या भावाला द्यायला पायजे होती."

"हाच!" रामकिसन कुजबुजले.

"टॅबवर पुसायची सोय आहे?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"नाय. फक्त लिवायची."

रामकिसन हिरमुसले.

शेवटी भिका, लाल टोपीवाला म्हातारा वॉचमन. त्याची पाळी पाचला सुरू व्हायची. "मला यातलं काय कलतं, बाय?"

"असं काय, भिकाकाका?" अपेक्षा म्हणाली. "शुक्रवारी मी वायरी बघत होते, तेव्हा मशीन तुम्हीच तर चालू-बंद करत होतात. हिरवा बाण, लाल चौकोन."

भिका खाली बघू लागला.

"नोंदी कुणी पुसल्याच नाहीत," ज्ञानेश्वरी म्हणाली. "रामकिसन, एकाच पत्त्यावर दोन भाडेकरू असतील तर टपाल कुणाला मिळेल?"

"जो दार उघडेल त्याला."

"पाच ते साडेपाच जुनं मशीन दार उघडत होतं. अंकुशच्या नोंदी तिकडे गेल्या. अपेक्षा, जुन्याची नेटवर्कची वायर काढ, मग ते चालू कर."

पडद्यावर गेलेल्या सगळ्या नोंदी होत्या, सोमवारच्या होडीचीसुद्धा. अपेक्षाला रडू फुटलं.

"अपेक्षा पाचला जाते. अंकुश तेव्हा धक्क्यावर असतो, आणि त्याचे आवाज त्याच्या कानातच असतात. हा हेडफोन टोपीवरून घालायचा म्हणून ताणलाय. आणि नव्यावर न आलेली एकच गोष्ट जुन्यावर आहे, आवाज. भिकाकाका, कुणाचा?"

भिकानं टोपी काढली.

"चिंतूचा. माजा पोरगा. चार वर्सं झाली, होडी आली नाय. पयले रोज इथंच ऐकायचो. शनवारी बगतो तर नव्यात तो नाय. म्हनून जुनी चालू केली. पोरीच्या नोकरीवर येल असं नाय वाटलं." त्यानं टोपी परत घातली. "कमिटीला मीच सांगतो."

"चूक माझीही आहे, काका. वायर मी काढायला हवी होती. आपण दोघं जाऊ." अपेक्षानं डोळे पुसले, वगळलेल्या डिस्कवर खूण केली आणि बॅकअप सुरू केला.

तासाभरानं नव्या मशीनमधून आवाज आला. मागं इंजिनाची धडधड होती.

"बाबा, भात टाका. आमी आलोच."

"अजून दोगांचाच टाकतो," भिका म्हणाला.

परतीच्या रिक्षात रामकिसननी खिशातला मोबाइल काढला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "आमच्या हिचा मोबाइल मी तेराव्यानंतर विकला. म्हटलं, आता कोण वापरणार? तिच्या आवाजातले निरोप त्यातच होते. आवाज आठवायला जातो, तर येतच नाही."

ज्ञानेश्वरीनं डबा उघडला, अर्धी भाकरी मोडली आणि त्यांच्या हातावर ठेवली.