साक्षीचा तुकडा

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मी आमच्याच शहरातल्या सोनागिरी वस्तीत गेलो, तो फक्त एक डबी आणायला. सुलभाताई मोघ्यांना भाचीच्या लग्नासाठी नागपूरला जायचं होतं आणि घर बंद राहणार म्हणून त्यांचा एक खडा आठ दिवस माझ्याकडे ठेवायचा होता. मी खड्यांचा पारखी. अशोका गार्डन वस्तीत, रेल्वेलाइनच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर माझं एका खोलीचं दुकान आहे. तिथे बसून लोकांच्या अंगठीतली काच ही काचच आहे असं मी त्यांना सांगतो आणि शिव्या खातो. खड्याने नशीब फिरतं म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून मला वेड्यात काढू नका.

सुलभाताईंबद्दल मात्र माझ्या तोंडून वाकडा शब्द निघायचा नाही. नवरा कारखान्यात होता, तो जाऊन पंधरा वर्षं झाली. वय चौऱ्याहत्तर, एकट्याच राहतात आणि गुलाबी खडे जमवतात. गुलाबीच का, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अरे, लाल-निळ्याला सगळी दुनिया सांभाळते. गुलाबी बिचारा नाजूक असतो." खरंच आहे ते. काही गुलाबी खड्यांचा रंग उन्हाने उडतो, दोरीवर विसरलेल्या साडीचा उडावा तसा. त्यात कुंझाइट सगळ्यात हळवा. लाखो वर्षं जमिनीखालच्या काळोखात राहिलेला हा दगड उन्हाच्या खिडकीत ठेवला की बघता बघता पाण्यासारखा होतो.

पण ताईंकडचे खडे पाहावेत! बिनखिडकीची खोली, सागवानी कप्पे, आत काळी मखमल. प्रत्येक खडा वेगळ्या मऊ पिशवीत, कारण कुंझाइटला जरा धक्का लागला तरी तो उभा चिरतो. धुवायचं ते कोमट पाण्यात, साबणाच्या दोन थेंबांनी, लहान मुलांच्या ब्रशने. वाफ नाही, मशीन नाही. पाहायचं ते पिवळ्या मंद दिव्याखाली, आणि पाहून झालं की लगेच आत. मोठमोठ्या जवाहिऱ्यांकडे मी इतकी निगा पाहिलेली नाही. त्यातही मला फार आवडायचा तो त्यांचा 'साक्षी'. प्रत्येक खड्याबरोबर त्याच दगडाची मुगाएवढी कपची, काळ्या कागदात बंद. दर दिवाळीला खडा आणि साक्षी शेजारी शेजारी ठेवायचे. खडा फिका पडला असेल तर साक्षी चुगली करणारच. माझ्यासारख्या नास्तिकानेही मनातल्या मनात या बाईंना हात जोडले होते.

त्या दिवशीची डबी होती त्यांच्या सर्वांत मोठ्या कुंझाइटची. मुलगी झाली त्या आठवड्यात नवऱ्याने घेतलेला. ती मुलगी, वैशाली, नऊ वर्षांची होऊन वारली. "हा रंग म्हणजे तिचे गाल," एवढंच ताई एकदा बोलल्या होत्या. त्यामुळे डबी हातात घेताना मला दडपणच आलं.

"रवींद्र, दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "साक्षीला याच्यापासून दूर करू नकोस. आणि दुकानातच ठेव. घरी नको नेऊस."

"का ताई, आमच्या घरी चोर आहेत का?"

"मजाक नाही करत मी. ऐक माझं."

आता माझी अक्कल ऐका. रंग पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, उजेड खरा असतो. माझ्या टेबलाची खिडकी तशीच आहे, तीस वर्षांत तिथे कधी ऊन पडलं नव्हतं. एवढा सुंदर खडा एकदा दिवसाउजेडी पाहावा म्हणून मी तो पांढऱ्या कागदावर ठेवला. साक्षीही पाहिला, पुन्हा काळ्या कागदात बांधून खणात टाकला. तेवढ्यात माझं डोकं गरगरायला लागलं. सकाळच्या उन्हातून आल्याने लू लागली होती. कसंबसं कुलूप घालून घरी आलो आणि सहा दिवस तापाने अंथरुणाला खिळलो. खडा डबीत ठेवलाय, अशी माझी पक्की समजूत होती.

पुढच्या सोमवारी दुकान उघडलं आणि दारातच थांबलो. टेबलावर ऊन होतं. समोरच्या नव्या इमारतीला आरशासारख्या काचा बसल्या होत्या आणि त्यांच्यावरचं ऊन उलटून थेट माझ्या कागदावर पडत होतं. त्या उन्हात खडा होता. पण रंग... रंग कुठेच नव्हता. गोठलेलं पाणी, बस. मी खुर्चीत बसून अक्षरशः रडलो. एका आईचं जे काही उरलं होतं, ते मी उन्हात वाळत घातलं होतं.

संध्याकाळी तो खडा तिथे एकटा ठेववेना. लाजेपायी माणूस काय करेल सांगता येत नाही. मी तो रुमालात बांधला आणि घरी नेला. साक्षी खणातच राहिला.

घरात गडबड होती. माझी मुलगी मधुरा सातव्या महिन्यात माहेरी आलेली, बुधवारी तिचं डोहाळजेवण. बायको, कांचन, तिच्या हातांवर मेंदी काढत होती. मी कुणाशी न बोलता आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात रुमाल ठेवला. त्याच खोलीत मधुरा झोपायची.

पहाटे, सगळे उठायच्या आधी, मी रुमाल काढायला आत गेलो. वीज गेली होती, पंखा थांबला होता. ओल्या मेंदीचा वास खोलीत दाटून राहिला होता. मधुराचा श्वास ऐकू येत होता... फार सावकाश, एक येऊन दुसरा यायला वेळ लागत होता. मी कपाट उघडलं, रुमालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खडा हाताला गार लागतो. आम्ही काच आणि खडा ओळखतो तेही त्याच्यावरून. हा कोमट होता, तापलेल्या पोराच्या कपाळासारखा.

दुकानात जाऊन गाठ सोडली. खडा गुलाबी झाला होता. आधीपेक्षा गडद, आणि इतका सुंदर की मी भीती विसरून किती तरी वेळ पाहत बसलो. आयुष्यात असा रंग पाहिला नव्हता. उडालेला रंग प्रयोगशाळेत किरणांच्या माऱ्याने परत आणता येतो, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या कपाटात कसले किरण?

दुपारी ताई स्टेशनवरून थेट आल्या. मी खरं तेच सांगितलं, उन्हाचं, रडण्याचं सगळं. फक्त घरी नेल्याचं जिभेवर येईना. त्यांनी खड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साक्षी दाखव आधी."

मी काळा कागद उलगडला. कपची होती तशीच गुलाबी.

ताई खाली बसल्या. "साक्षीला काही झालं नाही... मग ह्या खड्यानं घेतला कुणाचा?"

"काय घेतला, ताई?"

"माझ्या नवऱ्यानेही एकदा हा खिडकीत विसरला होता. पांढरा झाला. दुसऱ्या दिवशी आपोआप रंग आला, आम्ही किती खूश झालो! तेव्हा साक्षी नव्हता रे. घरात वैशाली होती." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "तीन महिन्यांत पोर कागदासारखी झाली. डॉक्टर म्हणाले, रक्त बनत नाही. त्यानंतर मी ही कपची काढून घेतली. याला भूक लागली तर याच्याच अंगाचं खावं म्हणून. अंधारात असला की मागत नाही हा. चाळीस वर्षं मी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी नेला होतास?"

मी मान खाली घातली. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. डबी बंद करून छातीशी धरली. "आता हा माझ्या उशाशी राहील. माझ्याकडे घ्यायला काही नाही उरलेलं. तू घरी जा... लवकर जा."

मी धावत घरी पोचलो. मधुरा बाहेरच्या खोलीत हात पसरून बसली होती, हसतच.

"बाबा, बघा ना, आईने कसली मेंदी आणली! रात्रभर ठेवली, तरी रंगच नाही चढला."

कांचन दुकानदाराला शिव्या घालत होती. पण तिने त्याच पुडीतली मेंदी स्वतःच्या तळव्यालाही लावली होती, आणि तिचा तळवा लालभडक होता.

मधुराच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. मुलगी झाली, वजन चांगलं, आता पाच महिन्यांची आहे. मी रोज ताईंना फोन करून विचारतो, "अंधारातच आहे ना?" आणि त्या म्हणतात, "आहे रे बाबा." डॉक्टर म्हणतात, पोर ठणठणीत आहे, तुम्ही आजोबा लोक उगाच घाबरता. असेलही. भूक लागली की ती आळी डोक्यावर घेते, मुठी आवळून, श्वास कोंडेपर्यंत रडते. आणि रडताना तिचा चेहरा लाल होत नाही.