आमच्याकडे, भाग सातवा

माझ्या सॉफ्टवेअरने एकदा पुतण्याच्या शाळेतल्या नाचाला खूनतपासाची परदेशी मालिका ठरवून टाकलं होतं. सशाचे कान लावून उड्या मारणारी पोरं, आणि खाली सारांश: "एका हत्येने शहर हादरतं." आम्ही घरात आठवडाभर हसत होतो.

त्यात नवल काही नाही. आपण मालिका डिस्कवर साठवायच्या, फाइलच्या नावात कितवा भाग ते लिहायचं. सॉफ्टवेअर ते नाव वाचतं, इंटरनेटवर शोधतं आणि पोस्टर, कलाकार, प्रत्येक भागाचा सारांश असं सगळं आपणहून आणून लावतं. नावात जरा इकडचं तिकडे झालं की भलत्याशीच गाठ मारून मोकळं होतं. मी ती गाठ सोडवतो. पेशाने मी लिफ्टचा तपासनीस. यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही, कुणीतरी माणूस चुकलेला असतो, हे मी इतरांना रोज ऐकवत असतो. बायको म्हणते, "स्वतःच्या मोज्यांच्या जोड्या जुळत नाहीत आणि हा मालिका जुळवत बसतो."

ताईच्या टेपा माझ्याकडे आल्या त्या याच लौकिकामुळे. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, टेपचा जुना कॅमेरा शेवटपर्यंत सोडला नाही. ते गेल्यावर बरेच दिवस टेपा पलंगाखाली पडून होत्या. एक दिवस ताईने पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, छोटू. शेवटची तेवढी सांभाळ. आजारपणात दार लावून एकटेच बोलत बसले होते कॅमेऱ्यासमोर. मी गेल्यावर बघ म्हणाले. मला ना, त्यांचा आवाज आठवेनासा झालाय."

एकूण सात टेपा होत्या. मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या, तेही आवाज बंद ठेवून. नवरा-बायकोतलं बोलणं ऐकायचं नाही, हा माझा सभ्यपणा. फाइलींना नावं देताना मात्र घाईत सातवीलाही सहावीचाच आकडा दिला. सॉफ्टवेअरला वाटलं, एकाच भागाच्या दोन प्रती आहेत. त्याने तसं दाखवलं, आणि माझ्यातला टापटिपीचा माणूस जागा झाला. कमी दर्जाची प्रत, म्हणजे नेमकी सातवी, मी न उघडता पुसली आणि संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. टेपा त्याआधीच भंगारात गेल्या होत्या.

डिस्कवरून पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे धावलो. त्याने दोन दिवस खटपट केली आणि डिस्क माझ्या हातात ठेवली. "त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलंय साहेब. विसरून जा."

ताईला फोन केला. सांगायचं ठरवूनच केला होता. पण तिचा "हॅलो" इतका आशेचा होता की मी भलतंच बोलून गेलो. "शेवटची कोरी निघाली, ताई."

ती चक्क हसली. "बटणच दाबलं नसेल रे! यंत्रांशी त्यांचं कधी जमलं का?"

माझी चूक मी गेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली. पुढे ताई हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, आणि माझ्यासमोर सांगितला की मीही मान डोलवायचो. घरी आलो की जेवण जात नसे. मला माझी किळस यायची.

उरलेल्या सहा टेपा माझ्या संगणकावरून इंटरनेटने तिच्या टीव्हीवर दिसतील अशी सोय मी करून दिली. घरच्या चित्रणांसाठी जुळवणी बंद ठेवली होती. सशांचा अनुभव होताच. तरीही एका रविवारी सकाळी त्या फोल्डरवर मालिकेचं नाव चढलेलं दिसलं: "आमच्याकडे". पोस्टर म्हणून ताईची बैठकीची खोली होती. पडदे, टीपॉय, भिंतीवरचं घड्याळ, सगळं तिचंच. माणूस मात्र कुणी नव्हतं. असं दृश्य त्या टेपांमध्ये कुठेच नाही.

"हा चावटपणा तुझा ना?" मी बायकोला विचारलं.

"मला तेवढा वेळ आहे का?" असं म्हणत ती जवळ आली आणि पहिल्या भागाचा सारांश वाचून हसली. "सगळे नावेत बसतात. काठावर राहिलेला धाकटा भाऊ ताईच्या वाटणीची बिस्किटं संपवून टाकतो. अरे, काय हे!"

मला हसू आलं नाही. कॅमेरा नावेत होता. काठावर मी एकटा होतो, आणि बिस्किटांचं मी आजवर कुणालाही बोललेलो नाही.

मी जुळवणी रद्द केली. दुपारी ती परत आली. त्या नावाची मालिका शोधली, तर कुठल्याच यादीत नव्हती. इंटरनेटची तार काढली, तरी सारांश जागच्या जागी. उलट खाली एक भाग वाढला होता. सातवा. जो भाग आपल्याकडे नाही, त्याची चौकट सॉफ्टवेअर करड्या रंगात दाखवतं. तशीच ही होती. "फाइल उपलब्ध नाही." आणि त्याखाली: "आजारी नवरा बायकोसाठी बोलतो. शेवटी मेव्हण्याशी दोन शब्द."

हे खरं की खोटं, ते ठरवायची सोय मीच नाहीशी केली होती.

मी ते सगळं फोल्डर सॉफ्टवेअरमधून काढून टाकलं. संगणक बंद केला. भिंतीतलं बटणही बंद केलं.

तेवढ्यात ताईचा फोन. "छोटू, सातवी लागलीये की रे."

"ताई, लावू नकोस. मी येतोय."

"लागलीच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "बटण दाबलं होतं बरं का त्यांनी."

तिच्याकडे पोचलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. खोलीत चांगलं ऊन होतं. ताई खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसली होती आणि रुमालाने डोळे पुसत हसत होती.

पडदा करडा होता. मधोमध तेच शब्द, फाइल उपलब्ध नाही. आवाज कसलाच नव्हता. फक्त खाली, किती भाग पाहून झाला ते दाखवणारी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"बस ना," ताई म्हणाली.

मी उभाच राहिलो. "ताई, ती टेप कोरी नव्हती. माझ्या हातून पुसली गेली. मी तुझ्याशी खोटं बोललो. त्यांच्यावर ढकललं."

"हो रे. मघाशीच म्हणाले ते."

"काय म्हणाले?"

"त्याला रागावू नकोस म्हणाले." तिने हात वर केला. "श्श! ऐकू दे."

आम्ही ऐकत राहिलो. ती मध्येच मान हलवायची. एकदा लाजली. एकदा "काहीतरीच तुमचं" म्हणाली. मी कान देऊन देऊन थकलो. मला खोलीतलं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं.

"मला काहीच ऐकू येत नाहीये, ताई."

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"असं काय करतोस? तुलाच तर विचारताहेत."

"काय विचारताहेत?"

नजर पडद्यावर ठेवून ती जराशी बाजूला सरकली, मागच्या माणसाला नीट दिसावं म्हणून सरकतात तशी.

रिमोट टीपॉयवर पालथा पडला होता. त्याला कुणी हात लावला नाही.

"बोल ना, छोटू," ती हळूच म्हणाली. "थांबलेत ते."

मी पडद्याकडे पाहिलं. पट्टी सरकायची थांबली होती.