शेवटचा नग

हिवाळा ओसरायला लागला की माझ्या ताईच्या अंगात येतं. एरवी ती शांत बाई. शाळेत चित्रकला शिकवते, घरी आली की खिडकीतल्या कुंड्यांची माती उकरत बसते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दुकानांच्या काचांवर लाल पट्ट्या लागल्या की तिचं जेवणात लक्ष राहत नाही. कोणी किती उतरवलं, कोण अजून अडून बसलंय, सगळं तिच्या तोंडावर. भाऊजी तिला सेलबाई म्हणतात. त्यांचं सलून आहे. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून ते बायकोच्या खरेदीचे किस्से सांगतात, आणि बिचाऱ्या गिऱ्हाइकाला हसताही येत नाही.

मी जाते ती पिशव्या धरायला. मी इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांना 'हलू नका' सांगणाऱ्या बाईला सेलची गर्दी सोसत नाही. पण ढिगात कोपरापर्यंत हात घातलेल्या ताईचा चेहरा बघायला मला आवडायचं. काहीतरी बोटांना लागलं की ती थबकायची, डोळे बारीक करायची आणि मग एकदम ओढून काढायची. घरी आल्यावर निम्म्या वेळा पंचाईत. दुकानात मोरपंखी दिसलेला स्वेटर घरच्या उजेडात शेवाळी निघायचा. चप्पल एका पायाला चावायची. मापाची तर तिला पर्वाच नसायची. स्वस्त मिळालं ना, मग एखादा नंबर इकडे-तिकडे झाला तर काय बिघडलं? "बसेल हळूहळू," ती म्हणायची आणि कपाटात कोंबून टाकायची.

त्या वर्षी तिचा जीव एका कोटात अडकला होता. मोठ्या रस्त्यावरच्या चार मजली दुकानात, पुरुषांच्या विभागात, काळसर राखाडी लोकरीचा. भाऊजींसाठी. ती कितीदा तरी जाऊन त्याची बाही चाचपून आली होती. किंमत उतरायची वाट बघत होती. उतरली त्या दिवशी आम्ही शटर वर जायच्या आधीच दारात उभ्या होतो. तरी उशीर झाला. पुतळ्याच्या अंगात कोट नव्हता. विक्रेत्यानं नुसते हात पसरले.

ताईचं तोंड एवढंसं झालं. मग ती चारही मजले उगाच फिरली. मोजे उचलले, ठेवले. टोप्या उचलल्या, ठेवल्या. सरकत्या जिन्यावरून आम्ही खाली, परत वर, परत खाली. "चल घरी," मी म्हणाले. ती ऐकत नव्हती. शेवटी सरकता जिना संपतो तिथे, खांबाच्या मागे, तिला खाली जाणाऱ्या साध्या पायऱ्या दिसल्या. भिंतीवर लाल पट्टी आणि बाण.

खाली तळघर होतं. छत ठेंगणं, डोक्यावरून जाड पाइप गेलेले, डांबरगोळ्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. वर गाणी वाजत होती, ती इथे ऐकू येत नव्हती. माणसं बरीच होती, पण बोलत कोणी नव्हतं. लांब टेबलांवर ढीग होते आणि सगळे त्यावर वाकलेले. कापड कापडावर घासल्याचा तेवढा आवाज. टोकाच्या गल्ल्यावर एक बाई बसली होती. गळ्यात टेप. ती बाई मला नंतर कितीदा आठवली, पण तिचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. टेप येतो.

ताईचा हात ढिगात गेला आणि थबकला.

तोच कोट. तीच लोकर, तीच बटणं. वरच्या उतरलेल्या किमतीच्याही कितीतरी खाली. मी तो उजेडात धरला आणि खोट लगेच दिसली. उजवी बाही डावीपेक्षा चांगली चार बोटं आखूड होती.

"अगं, हा वाकडा शिवलाय."

"दिसतंय मला," ताई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "म्हणून तर एवढ्यात मिळतोय. खाली थोडं कापड सोडलेलं असेल, उसवून लांब करू."

गल्ल्यावरच्या बाईनं कोट कागदात गुंडाळला. "बदलून मिळणार नाही," ती म्हणाली. "बसला नाही तर मात्र आणा."

कापड सोडलेलं नव्हतं. शिंप्यानं बाही उलटी करून दाखवली. भाऊजींनी तो तसाच घातला, आरशासमोर उभे राहिले आणि उघड्या मनगटाकडे बघून म्हणाले, "दुकानदारानं हात आखडता घेतला म्हणायचा." आम्ही पोट धरून हसलो. ते स्वभावानं असे, की बायकोनं हौसेनं आणलेलं काहीही ते घालतात. थंडी होती, कोट उबदार होता. ते रोज घालून सलूनमध्ये जाऊ लागले.

काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. भाऊजी नुकतेच बाहेरून आले होते. मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी उजवा हात लांब केला. बाही मनगटावर नीट टेकली होती.

"शेवटी जमवलंच की शिंप्यानं," मी म्हणाले.

ताई ताटं मांडत होती. तिनं वर बघितलं नाही. "कुठे? शिंप्यानं तर परत दिला ना तसाच."

भाऊजींनी कोट काढला. आत चौकटीचा शर्ट होता, त्यांचा जुनाच. त्याची उजवी बाही बोटांच्या पेरांपर्यंत लोंबत होती. त्यांनी ती सवयीनं दुमडली आणि जेवायला बसले.

मी त्या दुमडलेल्या बाहीकडे बघत होते. मग तेच म्हणाले, "अलीकडे काहीतरी चुकतंय माझं. कैची पोचत नाही. परवा एकाचे कल्ले वर-खाली झाले. जुनं गिऱ्हाईक, ते काही बोललं नाही, पण आरशात बघत राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना इस्पितळात बोलावून घेतलं. दोन्ही हातांचे एक्स-रे काढले. पुन्हा काढले. मशीन तपासलं, अंतर तपासलं. उजव्या दंडाचं हाड आखूड होतं. मोडलेलं नव्हतं, झिजलेलं नव्हतं, कडा स्वच्छ. आमच्या डॉक्टरांनी ते पडद्यावर मोठं करून बघितलं आणि विचारलं, "लहानपणी मार लागला होता का? वाढ खुंटलेली दिसते."

"नाही," भाऊजी म्हणाले.

"मग जन्मतःच असेल. त्रास नसेल तर काही करायची गरज नाही."

बाहेर येताना भाऊजी डाव्या हातानं उजवा हात धरून चालत होते, दुसऱ्याची वस्तू सांभाळून न्यावी तसे. त्या दिवसापासून कोट खुंटीला राहिला. हात मात्र होता तसाच राहिला. सलूनमध्ये त्यांनी एका कारागिराला उभं केलं आणि स्वतः नुसते पाणी फवारू लागले. ताईनं खिडकीतल्या कुंड्यांकडे बघणं सोडलं. एका दुपारी तिनं मला फोन केला. "मला वाटलं होतं कोट त्यांच्या अंगावर बसेल," ती म्हणाली.

"आपण जाऊ," मी म्हणाले. "परत करू."

सेलचे शेवटचे दिवस होते. वरचे मजले ओकेबोके झाले होते, पुतळ्यांचे कपडेसुद्धा विकले गेले होते. तळघरात मात्र ढीग तेवढेच होते.

गल्ल्यावरच्या बाईनं कोट उलगडला. आत हात घालून अस्तर चाचपलं. "हा बसलाय," ती म्हणाली.

"बसला म्हणूनच परत करायचाय."

"बसलेला परत घेत नाही आम्ही." तिनं कोटाची घडी घालून तो आमच्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता. "दुसरं काही बघायचं असेल तर बघा."

ताईनं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींच्या मनात एकच आलं. तिनं पदर खोचला आणि ढिगाकडे वळली.

अशी खरेदी मी आयुष्यात केली नाही. मी पिशवीतून टेप काढला; आखूड बाही मोजून दाखवावी लागली तर म्हणून आणला होता. भाऊजींच्या डाव्या हाताचं माप मला पाठ होतं. ताई ओढून काढायची, मी मोजायची. आणि मोजता मोजता मला ते टेबल पहिल्यांदा नीट दिसलं. विजारीचा एक पाय दुसऱ्याहून वीतभर लांब. स्वेटरचा गळा मूठही जाणार नाही एवढा. लोकरीचे हातमोजे, सुबक विणलेले, करंगळी नसलेले. शेजारी एक मध्यमवयीन माणूस तसलाच मोजा हातात चढवत होता. करंगळी बाहेर राहिली. त्यानं ती आत दुमडून बघितली आणि समाधानानं मान हलवली.

पलीकडे एका बाईनं लहान मुलाचे बूट पिशवीत टाकले. मला राहवलं नाही.

"अहो, ते दोन्ही डाव्या पायाचे आहेत."

ती माझ्याकडे बघून हसली. "माहितीये मला. म्हणून तर एवढ्यात मिळाले."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आणि तरी, हे सांगायला हवं, माझ्या एका हातात चामड्याची एक सुंदर बॅग आलेली होती. ती मी कधी उचलली मला कळलंच नव्हतं. मी किंमत वाचत होते. मी ती खाली ठेवली आणि हात साडीला पुसला.

"सापडला," ताई म्हणाली.

कोट गर्द निळा होता. दोन्ही बाह्या सारख्या. मी मोजल्या. खांदे सारखे. छाती, पाठ, उंची, सगळं भाऊजींच्या मापाचं. ताईनं अस्तर उलटं केलं. शिवण बोटानं चाचपत गेली. खिसे बघितले, बटणं बघितली, काजं बघितली. मी परत मोजलं. कुठे काही नव्हतं. चिठ्ठीवरची किंमत मात्र आधीच्या कोटाहून कमी होती.

ताईनं तो गल्ल्यावर ठेवला. "यात काय कमी आहे?"

"शेवटचा नग आहे," बाई म्हणाली.

"मी विचारतेय, यात कमी काय आहे?"

बाईनं कोट जवळ ओढला. कॉलर सारखी केली. एकेक बटण लावलं.

"तुम्ही बघितलात ना नीट?" ती म्हणाली.

ताईनं कोटावरचा हात काढला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"घे," मी म्हणाले.

उन्हाळा तोंडावर आला होता. भाऊजी घरात, पंख्याखाली, तो निळा कोट घालून बसायचे. हळूहळू उजवा हात बाहीतून बाहेर येऊ लागला. आधी बोटांची पेरं, मग पंजा, मग मनगट. मी एक्स-रे काढला तेव्हा दोन्ही हाडं सारखी होती. मी यंत्राच्या खोलीत एकटीच रडले. डॉक्टरांना काही दाखवलं नाही. काय दाखवणार होते? भाऊजी पुन्हा कैची चालवू लागले, कारागिराला दुसरीकडे काम मिळालं. दुकानांच्या काचांवर उन्हाळ्याच्या लाल पट्ट्या लागल्या, निघाल्या. ताईनं तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी तिला एकदा चिडवलं तर म्हणाली, "पुरे झाली हौस."

मी त्यांच्याकडे जाणं जरा कमी केलं होतं. कारण काही नव्हतं. गेले की मला सारखं उठून परत फिरावंसं वाटायचं.

मग थंडी पडली. माझ्या घराचं रंगकाम चालू होतं म्हणून मी ताईकडे राहायला गेले होते. सकाळी आम्ही तिघं बरोबरच निघालो. मी इस्पितळात, ताई शाळेत, भाऊजी सलूनमध्ये. बसच्या थांब्यावर दहा-बारा माणसं उभी होती. रस्त्यावर धुकं, गाड्यांचे दिवे पिवळे.

भाऊजींच्या अंगात निळा कोट होता. त्यांना छान दिसत होता. ते कालच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होते. टक्कल पडलेला माणूस, भांग कुठे पाडायचा यावर अडून बसलेला. ताई हसली. तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि विरली. मी हसले, माझ्याही. थांब्यावरच्या सगळ्यांच्या तोंडासमोर लहान लहान ढग होते. भिंतीशी निजलेल्या कुत्र्याच्या नाकापुढेसुद्धा.

भाऊजी बोलत होते. गोष्ट रंगात आली होती.

त्यांच्या तोंडासमोर काही नव्हतं.

मी बघत राहिले. वाटलं, वारा असेल. ते जोरात हसले, तोंड उघडं, मागचे दात दिसेपर्यंत. त्यांच्या पुढची हवा स्वच्छ होती. पलीकडचं धुकं, बसचा येणारा दिवा, सगळं त्यातून नीट दिसत होतं.

"काय गं, काय बघतेस?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत ताई आमच्या मध्ये आली. तिनं आपल्या गळ्यातला मफलर काढला, त्यांच्या मानेभोवती गुंडाळला, वर ओढून नाकापर्यंत घेतला.

"फार बोलू नका," ती म्हणाली. "थंडी घशात जाते."

मग तिनं मफलरची गाठ मारली. ती माझ्याकडे बघत होती. गाठ मारताना तिला त्यांच्याकडे बघावं लागलं नाही.