अकरा सेकंदांचा विराम

"सर, तो विराम नाटकातला आहे, की काका वाक्य विसरतात?"

विचारून झालं आणि पिपाणीने जीभ चावली. ती विचारणारच नाही, अशी पैज ढापण्या आणि गोटीने लावली होती. वर्षभरापूर्वी हजेरीलाही जिचा आवाज फुटत नसे, तिला आता डिवचणं म्हणजे आगीत तेलच!

अकरावीच्या मुलांचं सुट्टीतलं नाट्यशिबिर होतं. मोठ्यांची तालीम बघायची आणि कुठलं तंत्र कशासाठी वापरलंय, ते वहीत टिपायचं. दुसऱ्या अंकात बाप खिडकीशी जातो, थांबतो आणि म्हणतो, "घर विकलंय मी." ढापण्याने घड्याळ लावलं होतं. तो विराम काल चक्क अकरा सेकंदांचा झाला.

दिग्दर्शक सरांचा चेहरा उतरला. विराम चार सेकंदांचाच आहे, ते म्हणाले. पुढची सात सेकंदं म्हणजे प्रॉम्प्टर आजोबांची कृपा. त्यांचा आवाज बसलाय, उद्यापासून दुसरा माणूस बघावा लागेल.

विंगेतल्या स्टुलावर आजोबांनी हातातली संहिता मिटली. तीस वर्षं ते याच स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवत होते. "मी दिलं होतं वाक्य," एवढंच ते म्हणाले. बापाचं काम करणारे काका मात्र शपथेवर सांगत होते, की मला काही ऐकूच आलं नाही.

पिपाणीच्या लक्षात आलं. आपल्या आगाऊपणाने आजोबांचं स्टूल जाणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिघांनी वह्या पसरल्या. गोटी नटांच्या हालचाली वहीत मुंग्यांच्या रांगांसारख्या काढायचा. सोमवारपर्यंत काका ते वाक्य खुर्चीत बसून म्हणत, तेही वेळेवर. मंगळवारी सरांनी त्यांना खिडकीशी नेलं. खिडकीमागचा दिवा प्रेक्षकांच्या डोळ्यांत जायला लागला, म्हणून खिडकी आणि विंग यांच्यामध्ये जाड काळा पडदा टांगला. कोणी? सरांनीच.

खात्री करायला गोटी विंगेतल्या स्टुलावरून वाचू लागला. खुर्चीजवळ शब्द न् शब्द कळला. खिडकीशी पिपाणीला एक अक्षर ऐकू येईना.

"चल, सांगू या," ढापण्या म्हणाला.

"सांगितलं तर सर चिडतील. त्यांनी शिकवलेलंच वापरू. नाट्यगत उपरोध. प्रेक्षकांना माहीत, पात्राला नाही," पिपाणी म्हणाली.

सुट्टी संपल्यावर तिने सरांना विनवलं, तो विराम एकदा तुम्ही करून दाखवा ना. आणि वाक्य आजोबांनी दिल्यावरच म्हणा. करून दाखवायला कुठला दिग्दर्शक नाही म्हणेल? सर ऐटीत खिडकीशी उभे राहिले. मुलं खुर्चीभोवती बसली. आजोबांनी वाक्य दिलं. सर स्तब्ध. पुन्हा दोनदा दिलं. मुलांनी तोंडावर हात दाबले.

"अहो, द्या की वाक्य," सर करवादले.

"तीनदा दिलं," काका खुर्चीतून म्हणाले, आणि हशा फुटला.

सरांनी वळून पाहिलं. पडद्याचं कापड चिमटीत धरलं. मग विंगेत जाऊन आजोबांसमोर उभे राहिले. "चुकलो मी."

"पडदा दीड हात मागे घ्या," आजोबा संहिता उघडत म्हणाले. "दिवाही झाकेल आणि माझा आवाजही पोचेल."

नाटकाचं इतकं बारीक वाचन मीही केलं नव्हतं, अशी सरांनी सगळ्यांदेखत कबुली दिली. आजोबांनी पिपाणीचा कान हलकेच पिळला. "माझं काम घालवलंस काय, जेवणाच्या सुट्टीत परत आणलंस काय!"

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा इस्त्री तापायची वाट बघत होते. पिपाणी चपला न काढताच दारात उभी राहिली.

"आई, बाबा, मी दिग्दर्शक होणार. आणि माझ्या नाटकात पडदा टांगायच्या आधी मी प्रॉम्प्टरला विचारणार."