परतलेली ओळ

कानबाई देवी म्हणून मांडलेल्या नारळाला अडकवलेली नथ हलत होती. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. ती सतत हलत नव्हती. आई गाण्याची ओळ संपवून थांबली, की तेवढ्या शांततेत हलायची. मी नारळाभोवती तळहात फिरवला. वारा नव्हता.

"कालेजमधला प्रयोग शे का हाऊ?" आई म्हणाली. "तठे तुन्हा तासले पोरे झोपतस. आठे तरी गानं म्हन."

कानबाईचं गाणं दोघींचं. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने तीच परतवायची. नशिराबादच्या आमच्या घरी आई म्हणायची आणि भिकुकाकू, तिची धाकटी जाऊ, परतवायची. मग विहिरीवरून माझ्या वडिलांचं, आबांचं, आणि काकांचं बिनसलं. काका पारोळ्याला गेले, सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचा कानबाईचा रोटही वेगळा झाला. तेव्हापासून आई एकटीच दोन्ही वेळा म्हणते. काकूला अर्धांगवायू झाला, तरी रोट एकत्र करायचं म्हटलं की आबांचं उत्तर एकच, "पुढला साल देखूत."

"ती पुढला सालपावत ऱ्हाई का?" आईने सकाळीच विचारलं होतं. आबा उठून अंगणात गेले होते.

आता ते खुर्चीत बसले होते. आईने पुढची ओळ म्हटली.

नथ हलली. मग ओळ परत आली. बारीक आवाज, शेवटी किंचित चढलेला. मी तोंड उघडलं नव्हतं.

"भिकुबाई शे," आई म्हणाली.

"कोनाना मोबाइल व्हई," आबा म्हणाले.

मी काकूच्या मुलाला, हितेंद्रला, फोन लावला.

"तशीच आहे, ताई. आवाज तर गेलाच. पण दिवेलागणीपासून ओठ हलताहेत. मधे थांबते, परत हलतात."

"फोन तिच्या तोंडाशी धर."

आईला खूण केली. ती गायली. फोनमधून नुसता श्वास ऐकू आला. ओळ आमच्या खोलीत परतली.

"आत्ता हलले," हितेंद्र म्हणाला.

आईला थांबवलं. ओठ थांबले. पुन्हा गायला सांगितलं. हलले.

मला दुसरं कारण सुचेना.

मग आई गप्प असतानाच आवाज आला. या वेळी आबांच्या खुर्चीला अगदी लागून.

आबांनी टोपी सारखी केली.

धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्या दिराने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकूशी आबा उभ्या जन्मात एक शब्द बोललेले नाहीत.

त्यांनी फोनकडे पाहिलं नाही. खुर्चीशेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून ते म्हणाले,

"बाई, मी पारोळाले ई ऱ्हायनू. आते रोट बठ्ठा भाऊबंदसना एकच."